ओपीडीच्या पाच मिनिटांत चूल, फवारणी आणि शिशाबद्दल कसं बोलावं

आपल्या केसपेपरवर नाव, वय, वजन, बीपी आणि तक्रार यांना जागा असते. स्वयंपाक कशावर होतो, पाणी बोअरचं की नळाचं, घरातलं कोण फवारणीला जातं, हे लिहायला जागा नसते. जागा नाही म्हणून आपण विचारत नाही, आणि विचारलं नाही म्हणून पेशंटही सांगत नाही. मग चुलीपाशी आयुष्य काढलेल्या मावशींचा खोकला वर्षानुवर्षं 'ॲलर्जी' म्हणून चालू राहतो. बॅटरीच्या दुकानात काम करणाऱ्या मुलाची पोटदुखी 'ॲसिडिटी' ठरते.

हा लेख दवाखान्यात बसणाऱ्या डॉक्टरांसाठी, नर्ससाठी आणि घरोघरी जाणाऱ्या आशाताईंसाठी आहे. हवेतून, पाण्यातून, अन्नातून आणि कामातून शरीरात जाणाऱ्या विषारी घटकांबद्दल पेशंटशी कधी, कुठल्या शब्दांत आणि किती बोलावं, हे मी इथे टप्प्याटप्प्याने मांडतो आहे.

आधी हे मान्य करू: आपण गप्प का राहतो

अमेरिकेत २०१४ साली स्त्रीरोगतज्ज्ञांचं एक मोठं सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. अडीच हजारांहून अधिक डॉक्टरांनी उत्तरं दिली. आपल्या सल्ल्याने पेशंटचा अशा घटकांशी येणारा संपर्क कमी होऊ शकतो, असं ७८ टक्के जणांना वाटत होतं. तरीही गरोदर बाईला या गोष्टी नेहमी विचारणारे २० टक्केही नव्हते, आणि या विषयाचं काहीतरी प्रशिक्षण मिळालेले दर पंधरांत एक होते. कारणं विचारली तेव्हा तीन मुख्य निघाली: आपल्यालाच पुरेसं माहीत नाही, बाई उगाच घाबरेल, आणि सांगितलं तरी तिच्या हातात काय आहे.

ही तिन्ही कारणं आपल्या तालुक्याच्या ठिकाणीही जशीच्या तशी ऐकू येतात. त्यात चौथं आहे वेळेचं. बाहेर पन्नास माणसं बसलेली असताना हळदीत शिसं असतं का यावर कोण बोलणार?

मला यातलं तिसरं कारण सगळ्यांत खरं वाटतं. हातावर पोट असलेल्या माणसाला 'प्रदूषणापासून दूर राहा' असं सांगणं म्हणजे त्याला अपराधी ठरवून घरी पाठवणं. पण त्यावर उपाय गप्प बसणं हा नाही. पेशंटच्या हातात जेवढं आहे तेवढंच त्याला सांगायचं, आणि उरलेलं आपण डॉक्टर म्हणून पुढे न्यायचं. खालचे सगळे टप्पे या एकाच वाटणीवर उभे आहेत.

पहिला टप्पा: आपल्या दवाखान्याचा परिसर ओळखा

पेशंटशी बोलायच्या आधी एक निवांत संध्याकाळ काढा आणि आपल्याकडे येणारी गावं कागदावर लिहा. प्रत्येक गावापुढे तिथलं काम लिहा: कापूस, द्राक्ष, ऊस, वीटभट्टी, खडी क्रशर, एमआयडीसी, भंगार, जुन्या बॅटऱ्या फोडणं, दागिने वितळवून गाळणं, मूर्तींचे कारखाने. फवारणीचे महिने कुठले, उसाचं पाचट कधी पेटवतात, भट्ट्या कधी लागतात, तेही लिहा. कंपाउंडर आणि आशाताई यांना सोबत बसवा. गावातलं त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

पाण्याचं वेगळं बघा. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम. गावच्या पाण्याचा रासायनिक तपासणीचा अहवाल ग्रामपंचायतीत किंवा जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत मागता येतो. तो एकदा बघून ठेवलात, तर पिवळे-तपकिरी डाग पडलेले दात आणि अकाली आखडलेले गुडघे बघताना पहिला प्रश्न आपोआप सुचतो.

याच संध्याकाळी स्वतःच्या दवाखान्याकडेही एकदा बघा. पाऱ्याचा थर्मामीटर किंवा पाऱ्याचं बीपीचं यंत्र अजून असेल तर डिजिटल आणा. पारा सांडलाच तर झाडू मारू नका, त्याने थेंब आणखी बारीक होऊन पसरतात. खिडक्या उघडा, हातमोजे घाला, जाड कागदाने थेंब एकत्र करून सिरिंजने ओढा आणि थोडं पाणी घातलेल्या घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा. ती बाटली घंटागाडीत जाता कामा नये, जैववैद्यकीय कचरा नेणाऱ्यांशी बोलून द्या.

दुसरा टप्पा: सगळ्यांना विचारू नका, नेमक्यांना विचारा

पन्नास पेशंटना वीस प्रश्न कुणीच विचारू शकत नाही. गरोदर बाई, मूल होण्यासाठी उपचार घेणारं जोडपं, सहा वर्षांखालचं मूल, आणि दमा किंवा जुना खोकला असलेला पेशंट, एवढ्यांना नक्की विचारा. शिवाय उपचारांनी जी तक्रार हलत नाही तिथे विचारा: लोहाच्या गोळ्या देऊनही न वाढणारं हिमोग्लोबिन, सगळे रिपोर्ट नॉर्मल असलेली पोटदुखी, हातापायांच्या मुंग्या, फवारणीच्या दिवसांत येणारी चक्कर आणि मळमळ.

मुलं आणि गरोदर बायका आधी का, हे पेशंटला सांगता यायला हवं. पोटात गेलेलं शिसं लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाचपट शोषून घेतं, आणि त्यात मुलं जमिनीवर रांगतात, हात तोंडात घालतात. बाईच्या हाडांत वर्षानुवर्षं साठलेलं शिसं गरोदरपणात कॅल्शियमबरोबर रक्तात उतरतं आणि वारेतून बाळापर्यंत जातं. म्हणजे लग्नाआधी माहेरी ज्या घरात ती वाढली, तिथलंही आज मोजलं जातं.

तिसरा टप्पा: प्रश्न असा विचारा की उत्तर 'हो' किंवा 'नाही' येणारच नाही

'घरात गॅस आहे का?' या प्रश्नाचं उत्तर आज बहुतेक घरांतून 'हो' येतं. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून सिलिंडर खूप घरांत पोचला. पण भाकरी चुलीवरच होते, अंघोळीचं पाणी चुलीवरच तापतं, आणि सिलिंडर पाहुणे आले की चालू होतो. म्हणून असं विचारा:

'मावशी, काल भाकरी कशावर केली? आणि पाणी कशावर तापवलं?'

'सिलिंडर किती दिवस पुरतो?'

पाच माणसांच्या घरात सिलिंडर चार महिने पुरत असेल, तर चूल पेटते आहे हे न विचारताच कळलं. त्यापुढे: 'चूल घरात आहे की पडवीत? बाळ तेव्हा कुठं असतं?'

कामाचंही तसंच. 'काय करता?' म्हटलं की 'शेती' किंवा 'कंपनीत' एवढंच कानावर येतं. इटलीतले वैद्य रामाझिनी यांनी सन १७०० च्या सुमारास वैद्यांना सांगून ठेवलं होतं की आजाऱ्याला त्याचा धंदा जरूर विचारा. आज त्याही पुढे एक पाऊल जावं लागतं: 'दादा, दिवसभर हातांनी नेमकं काय करता? अंगावर काय उडतं? वास कशाचा येतो? तुमच्यासोबतच्या कुणाला असाच त्रास होतो का? सुट्टीत गावी गेल्यावर बरं वाटतं का?' शेवटच्या दोन प्रश्नांनी मी आजवर सर्वांत जास्त काही शिकलो आहे.

घरच्या धंद्यांचं मुद्दाम विचारा, कारण त्यांना कुणी धंदा म्हणत नाही. मूर्ती रंगवणं, दागिन्यांना डाग देणं, कल्हई, भंगार वेगळं करणं. आणि हेही: 'कामाचे कपडे कोण धुतं? कशात?' बॅटरीच्या कारखान्यातून आलेला बाप त्याच कपड्यांनी लेकराला उचलतो, आणि शिसं घरात येतं.

फवारणीबद्दल बायकांना वेगळं विचारा. पंप पाठीवर नवऱ्याच्या असतो, पण पाणी आणून औषध कालवायचं काम बऱ्याचदा बाईच करते. 'तुम्ही फवारणी करता का?' यावर ती प्रामाणिकपणे 'नाही' म्हणते. 'औषध कोण कालवतं? कशानं ढवळतं?' असं विचारलं की ती हात पुढे करून दाखवते.

राहिलं औषधांचं आणि सौंदर्यसाधनांचं. 'दुसरीकडचं कुठलं भस्म, चूर्ण, काढा चालू आहे का? पुढच्या वेळी बाटली घेऊन या, बघू.' इथे आवाजात तिरस्कार आला की पेशंट कायमचा लपवू लागतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात इंटरनेटवरून विकत घेतलेली अमेरिकी आणि भारतीय बनावटीची १९३ आयुर्वेदिक उत्पादनं तपासली होती. साधारण एकपंचमांश उत्पादनांत शिसं, पारा किंवा अर्सेनिक सापडलं, आणि रसौषधींत, म्हणजे धातू-खनिजं घालून केलेल्या औषधांत, हे प्रमाण जास्त होतं. म्हणजे बहुसंख्य उत्पादनांत सापडलं नाही, हेही तितकंच खरं. म्हणून सरसकट 'ते बंद करा' असं म्हणण्याआधी बाटली बघा. मिश्रीबद्दल, म्हणजे दातांना लावायच्या भाजलेल्या तंबाखूबद्दल, इथेच विचारून घ्या. 'तंबाखू खाता का?' याला 'नाही' म्हणणारी बाई दिवसातून तीनदा मिश्री लावत असते, कारण तिच्या लेखी ते दात घासणं असतं.

चौथा टप्पा: धोका सांगताना तीन वाक्यं, आणि त्यातलं तिसरं कामाचं

पहिलं वाक्य आपल्याला नक्की काय ठाऊक आहे त्याचं. दुसरं, काय नक्की सांगता येत नाही त्याचं. तिसरं, आजपासून काय करता येईल त्याचं. बरेच डॉक्टर दुसरं वाक्य गाळतात. त्यांना वाटतं, 'सांगता येत नाही' म्हटलं की विश्वास जाईल. माझा अनुभव उलटा आहे. अनिश्चितता मोकळेपणाने सांगितली की तिसऱ्या वाक्यावर लोक जास्त भरवसा ठेवतात.

समजा सातव्या महिन्यातली सून सासूबाईंबरोबर आली आहे आणि स्वयंपाक चुलीवर होतो. संवाद असा होऊ शकतो:

'काकू, चुलीच्या धुराने पोटातल्या बाळाचं वजन कमी भरू शकतं, आणि जन्मल्यावर न्यूमोनियाचा धोका वाढतो. तुमच्या नातवाला होईलच असं मी म्हणत नाही, ते कुणालाच सांगता येणार नाही. पण बाळंतपणापर्यंत आणि बाळ वर्षाचं होईस्तोवर हिची भाकरी गॅसवर करता येईल का?'

'डॉक्टर, सिलिंडर परवडत नाही हो रोज.'

'मग अंघोळीचं पाणी चुलीवर राहू द्या, पण चूल बाहेर न्या, पडवीत किंवा अंगणात. आणि फुंकायला हिला बसवू नका. एवढं जमेल?'

'तेवढं जमंल.'

इथे बोलणं सुनेशी झालं नाही, सासूबाईंशी झालं. हे जाणूनबुजून करायचं. चूल बाहेर न्यायची की नाही, सिलिंडर कधी भरायचा, हे सुनेच्या हातात नसतं, आणि जे तिच्या हातात नाही ते तिला सांगून आपण तिची झोप तेवढी उडवतो. सिलिंडरचे पैसे नवरा देत असेल तर त्याला आत बोलवा.

घाबरलेल्या आईसाठी एक गोष्ट पाठच करून ठेवावी. 'आधी जे झालं त्यात तुमची चूक नाही. तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.' हे वाक्य सल्ल्याच्या आधी यायला हवं. नंतर आलं तर ती ते ऐकण्याच्या मनःस्थितीत नसते.

काजळाचा प्रसंग सर्वांत नाजूक. दुकानी सुरम्यात आणि काही काजळात शिशाचं खनिज असू शकतं, आणि तान्ह्याचा हात डोळ्याकडून सरळ तोंडात जातो. पण काजळ घालणारी आजी प्रेमापोटी घालत असते, दृष्ट लागू नये म्हणून. तिच्या श्रद्धेवर बोट ठेवलंत तर ती घरी जाऊन दोनदाऐवजी चार वेळा घालील. 'आजी, तीट लावा की, कानामागे लावा. डोळ्यांत मात्र काही घालू नका, डोळा फार कोवळा असतो' असं म्हटलं की आजी ऐकतात. तीटसुद्धा घरी दिव्यावर धरलेल्या काजळीची असावी, दुकानच्या डबीतली नको.

पाचवा टप्पा: तपासणी कधी लिहायची

निकाल आल्यावर उपचारात किंवा घरात काही बदलणार असेल तरच लिहा. केसांतले धातू मोजणारी पॅकेजेस आणि 'डिटॉक्स'चे कोर्स यांच्या मागे पेशंटचे पैसे घालवू नका.

शिशाची शंका असेल तर शिरेतल्या रक्ताचं शिसं तपासा. बोटाला टोचून केलेली चाचणी जास्त आली तर शिरेतल्या रक्ताने खात्री करा, कारण बोटाच्या कातडीवरचं शिसंही त्यात मोजलं जातं. आकडे असे वाचा. सुरक्षित म्हणावी अशी कुठलीच पातळी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त असेल तर स्रोत शोधून तो बंद करायचा. अमेरिकेत मुलांसाठी हा संदर्भ आकडा ३.५ आहे. मुलांत ४५ किंवा जास्त असेल तर शिसं बाहेर काढणारी औषधं लागतात, आणि ती मोठ्या रुग्णालयातच द्यायची. मधल्या सगळ्या आकड्यांवर मुख्य उपचार एकच: शिसं कुठून येतं ते थांबवणं. सोबत आहारातलं लोह आणि कॅल्शियम भरून काढा. ही दोन्ही कमी असली की आतडं शिसं जास्त शोषतं. नाचणी, तीळ, दूध, हिरवी पालेभाजी, आणि लागल्यास गोळ्या.

पालकांना हेही आधीच सांगा: शिसं रक्तातून साधारण महिन्याभरात निम्मं होतं, हाडांतून मात्र निघायला वर्षं लागतात. त्यामुळे दुसरा रिपोर्ट थोडाच उतरला तर निराश होऊ नका.

फवारणीची विषबाधा हा वेगळा विषय. बाहुल्या बारीक, लाळ, घाम, छातीत घुरघुर दिसली तर कोलिनएस्टरेजच्या (अशा विषबाधेत कमी होणाऱ्या रक्तातल्या घटकाच्या) रिपोर्टची वाट न बघता ॲट्रोपिन हे उताऱ्याचं औषध सुरू करायचं असतं. रिपोर्ट नंतर येऊ दे.

सहावा टप्पा: एका भेटीला एकच सल्ला

पाच सल्ले दिले की एकही पाळला जात नाही. घरात ज्या गोष्टीने सर्वांत जास्त फरक पडेल तीच निवडा आणि चिठ्ठीवर औषधांच्या खाली, औषधासारखीच लिहून द्या.

धुरासाठीचं वर आलंच. खोकल्याच्या पेशंटला मात्र डासांच्या अगरबत्तीचं विचारल्याशिवाय सोडू नका. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरतात, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं, आणि आपण ती दारं-खिडक्या लावून बाळाच्या उशाशी लावतो. मच्छरदाणी लिहून द्या. सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या, बाबतीत तर आपण अजूनही 'बिडी ओढता का?' एवढं विचारून थांबतो. बिडी-सिगारेट कधीच न ओढलेल्या माणसांतल्या सीओपीडीकडे जगाचं लक्ष वेधण्यात पुण्याच्या डॉ. संदीप साळवी यांच्या कामाचा मोठा वाटा आहे. हे काम आपल्याच मातीतलं आहे, त्यामुळे निदान इथे तरी चुलीबद्दल विचारायचं राहून जाता कामा नये.

फवारणीवर थोडं जास्त थांबतो. २०१७ च्या पावसाळ्याअखेरीस यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. त्या साली कापूस उंच वाढला होता, फवारा डोक्याच्या उंचीवर मारावा लागत होता, आणि दोन-तीन औषधं एकत्र कालवली जात होती. तेव्हापासून 'पीपीई किट घाला' हा सल्ला सगळीकडे दिला जातो. ऑक्टोबरच्या उन्हात कापसाच्या वावरात ते किट घालून कुणी काम करू शकत नाही, हे सल्ला देणाऱ्याने एकदा स्वतः घालून बघावं. मजुराला जमेल ते सांगा. लांब बाह्यांचा शर्ट, पूर्ण पँट, हातमोजे, तोंडाला रुमाल आणि डोळ्यांना चष्मा. सकाळी लवकर फवारा, वाऱ्याकडे तोंड करून नको. पाठीचा पंप गळत असेल तर त्या दिवशी फवारणी बंद, कारण भिजलेल्या पाठीतून विष आत जातं आणि ते कळत नाही. मध्ये तंबाखू मळायची नाही. घरी आल्यावर लेकराला उचलायच्या आधी साबणाने अंघोळ, आणि ते कपडे वेगळ्या बादलीत. गरोदर बाईने औषध कालवायचं नाही.

डब्यावरचा रंगीत त्रिकोण पेशंटला वाचायला शिकवा, दोन मिनिटं लागतात. लाल म्हणजे सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत कमी. शेजारी कृषी सेवा केंद्र असेल तर तिथल्या माणसाशी ओळख करून घ्या. शेतकरी औषधाबद्दल आपल्याआधी त्याला विचारतो.

त्रास झालाच तर काय करायचं तेही चिठ्ठीवर हवं: कपडे काढा, साबण-पाण्याने धुवा, उलटी करवू नका, १०८ ला फोन करा, आणि डबा किंवा त्याच्या लेबलचा फोटो सोबत आणा. डब्याशिवाय आलेल्या पेशंटवर आपण अंधारात उपचार करतो. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा टोल-फ्री नंबर १८०० ११६ ११७ दवाखान्याच्या भिंतीवर लावून ठेवा.

पाण्याबाबत एक चुकीचा सल्ला आपणच देतो: 'उकळून प्या'. जंतूंसाठी तो बरोबर आहे. फ्लोराइड, नायट्रेट आणि शिसं उकळून जात नाहीत, उलट पाणी आटल्याने त्यांचं प्रमाण थोडं वाढतंच. जिथे नायट्रेट जास्त आहे तिथे तान्ह्याला बाटलीचं दूध त्या पाण्यात कालवून देणं धोक्याचं. गावात जो सुरक्षित स्रोत असेल त्यातून निदान प्यायचं आणि स्वयंपाकाचं पाणी आणा, वापरायचं बोअरचं चालेल.

आणि दिवाळी. घर रंगवायला काढलं की जुना रंग खरवडला जातो. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नसावं हा नियम आपल्याकडे २०१७ पासून लागू आहे, पण त्याआधीचे थर भिंतींवर आणि ग्रीलवर आहेतच. खरवडताना पाणी मारून ओलं करा, पोरंबाळं आणि गरोदर बाई तेवढे दिवस दुसरीकडे राहू द्या, आणि फरशी कोरड्या झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसा. दसऱ्याच्या सुमारास येणाऱ्या गरोदर पेशंटना हे न चुकता सांगावं.

सातवा टप्पा: सगळं डॉक्टरांनीच बोलायला हवं असं नाही

प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर आशाताई बाळाच्या पहिल्या दीड महिन्यात सहा वेळा घरी जातात. चूल कुठे आहे, औषधाचे डबे कुठे ठेवलेत, रिकाम्या डब्यात धान्य किंवा पाणी भरलंय का, हे त्या डोळ्यांनी बघतात. आपण ओपीडीत बसून ते कधीच बघू शकणार नाही. मात्र त्यांच्यावर आणखी एक तक्ता भरायचं काम टाकू नका, ते आधीच पुष्कळ आहे. दर महिन्याच्या बैठकीत दहा मिनिटं द्या आणि विचारा, 'या महिन्यात घरांत काय दिसलं?' नर्सने वजन-बीपी घेतानाच चूल आणि पाणी हे दोन प्रश्न विचारून केसपेपरच्या कोपऱ्यात लिहून ठेवले, तर डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचतो. त्यासाठी एक रबरी शिक्का करून घेतला तरी पुरतो: 'चूल / पाणी / काम / फवारणी'.

आठवा टप्पा: जे पेशंटच्या हातात नाही, ते पुढे न्या

बांगलादेशातली गोष्ट इथे सांगायलाच हवी. तिथल्या खेड्यांतल्या गरोदर बायकांच्या रक्तात शिसं जास्त सापडत होतं. आसपास ना कारखाना, ना बॅटऱ्यांची भट्टी. संशोधकांनी रक्तातल्या शिशाची मूळ ओळख पटवणारी तपासणी केली, तेव्हा ते हळदीशी जुळलं. कंदाला झळाळी यावी म्हणून त्यावर लेड क्रोमेट हा पिवळा रंग चोळला जात होता. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झालं, तिथल्या अन्नसुरक्षा यंत्रणेने बाजारांत तपासणी केली, दंड केले, लोकांना जागं केलं. २०२१ पर्यंत बाजारातल्या नमुन्यांतून ही भेसळ जवळपास नाहीशी झाली. त्या बायकांना एकेकीला 'हळद नीट बघून घ्या' असं सांगत बसलो असतो, तर हे झालं नसतं. पण आधी कुणीतरी त्यांचं रक्त तपासलं आणि 'हे कुठून आलं?' असं विचारलं, म्हणून ते झालं.

आपल्याकडे यासाठी मार्ग आहेत. एकाच कारखान्यातले किंवा एकाच वस्तीतले दोन-तीन पेशंट सारख्याच तक्रारी घेऊन आले की वेगळ्या वहीत तारीख, गाव, काम आणि तक्रार लिहायला लागा. वहीत नावं नकोत, केसपेपर नंबर पुरे. कारखान्यातल्या कामगाराला शिशाची विषबाधा किंवा सिलिकोसिस (दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार) झाल्याचा डॉक्टरांना संशय आला, तर ते कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयाला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ८९ मध्ये हे होतं, आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ही जबाबदारी आहे. किती जण कळवतात, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावं. कळवण्याआधी कामगाराशी बोला, कारण नोकरी त्याची जाणार असते. ईएसआयचं (कामगार विमा योजनेचं) कार्ड आहे का ते बघा. आजार कामामुळे झाल्याचं सिद्ध झालं तर त्याचे हक्क आहेत, आणि त्यासाठी आपल्या केसपेपरवरची नोंद हाच पुरावा असतो. म्हणून 'कामगार' असं न लिहिता 'बॅटरीच्या प्लेटा वितळवण्याचं काम, ६ वर्षं' असं लिहा.

पाण्याचं असेल तर ग्रामपंचायत आणि तालुका आरोग्य अधिकारी, धुराड्याचं असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळ, भेसळीचं असेल तर अन्न व औषध प्रशासन. तक्रार पेशंटच्या नावाने नको, आपल्या लेटरहेडवर करा. त्यावर आवक क्रमांक घ्या आणि प्रत जपून ठेवा. एका पत्राने काही हलत नाही, पण त्याच विषयावर तालुक्यातल्या पाच डॉक्टरांची पत्रं गेली की विचारणा सुरू होते. आयएमए किंवा निमा या डॉक्टरांच्या संघटनांच्या स्थानिक शाखेच्या बैठकीत हा विषय एकदा काढून बघा.

पुढच्या भेटीला

'सांगितलेलं केलं का?' असं विचारलं की बहुतेक जण मान डोलावतात. 'मागच्या वेळी चूल बाहेर न्यायचं ठरलं होतं, त्यात अडचण काय आली?' असं विचारा. अडचण येणं गृहीत धरलं की माणूस खरं बोलतो. पडवीत पाऊस येतो, बाहेर चूल घातली की शेजारी भांडतात, सरपण भिजतं. मग त्या अडचणीवर बोलता येतं: पाऊस संपेपर्यंत निदान कौलं सरकवून धुराला वाट करा, बाळाची झोळी स्वयंपाकघरातून दुसऱ्या खोलीत बांधा. शिशाचा रिपोर्ट जास्त आला असेल तर एक ते तीन महिन्यांनी पुन्हा रक्त काढायची तारीख त्याच दिवशी केसपेपरवर लिहा, आणि घरातल्या बाकीच्या लहान मुलांनाही तेव्हा सोबत आणायला सांगा.